बिल्ला लटकत असेपर्यंत

अकरा मुलांना आठ महिने नेमबाजी शिकवून त्या आठ महिन्यांत एकही छर्रा सुटू न देणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि तो कतारमध्ये दर शुक्रवारी सकाळी मेसईदहून आमच्या मुऐदरच्या घरी नाश्त्याला येत असे. नातं शोधायला गेलं तर ते माझ्या नणंदेचे थोरले दीर. पण परदेशात नात्याचा एवढा लांबचा पत्ता कोण सांगत बसतो, म्हणून आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. मेसईदच्या एका खताच्या कारखान्यात ते सेफ्टीला होते, अठ्ठावीस वर्षं. बायको गावी, कुडाळजवळ, मुलं नोकऱ्यांना लागलेली, आणि हे इथे कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटे. कंपनीच्या बसनं दोहात उतरायचं, तिथून टॅक्सी करायची आणि आमच्या दारात येऊन बेल न वाजवता आधी जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर तपासायचा, हा त्यांचा शिरस्ता. बेल त्यानंतर. काट्यावर दाब कमी झालेला दिसला तर त्या दिवशी पोह्यांचं कौतुक होत नसे.

सेफ्टी हा काही लोकांचा पेशा असतो, काकांचं ते कुळाचार पाळल्यासारखं होतं. आमच्या गॅसच्या नळीला ते महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावून बुडबुडे बघत. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची, कारण पळायची वेळ आली तर मागे घेत बसायला कोणाला फुरसत आहे? एका वर्षी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बावीस बायका भरजरी साड्या नेसून आलेल्या, आणि मी पहिलीला कुंकू लावणार एवढ्यात काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, दोन मिनिटं." मग कारखान्यात शिफ्टच्या आधी कामगारांना सांगतात तसं त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आज घरात बावीस बायका, एक गॅस आणि दोन समया आहेत, बाहेर पडायचा रस्ता हा इकडून, आणि पदर समईच्या बाजूला असेल तर तो आत्ताच खोचून घ्यावा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बावीसच्या बावीस बायकांनी मुकाट्यानं पदर खोचले, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागे, कारण डावा कान कामातून गेलेला. जेवायला बसतानाही ते डावी बाजू भिंतीला लावून बसत. हा कान कसा गेला ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही मी सोलकढी वाढत असताना, जणू कोणा तिसऱ्याच्या कानाची गोष्ट. त्यांच्या घरात ठासणीची बंदूक होती. कोकणात शेताला रानडुकरांचा त्रास, म्हणून वडिलांकडे तिचं लायसन्स. ओटीवर खुंटीला छत्र्या टांगाव्यात तशी ती टांगलेली असायची आणि मुलं तिच्याखालीच अभ्यासाला बसायची. काका नऊ वर्षांचे असताना थोरल्या भावानं ती खाली काढली. काकांनी विचारलं, "भरलेली आसा?" भाऊ म्हणाला, "नाय रे, रिकामी आसा." आणि ती रिकामी बंदूक काकांच्या कानाशी उडाली. वर छपराची चार कौलं फुटली. "कौलां दुसऱ्या दिवशी बापाशीन बदलल्यान," काका म्हणाले, "कान तेवढो रवलो." मग त्यांनी सोलकढीची वाटी पुढे केली. मी ती भरली. त्या भावाशी तेव्हापासून त्यांचं बोलणं कामापुरतंच, असं नणंदेनं मला नंतर सांगितलं.

आता अशा माणसानं मुलांच्या हातात बंदूक द्यावी का? मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. आमच्या नाशिकच्या घरात शस्त्र म्हणजे विळी. पण इथे नेमबाजी हा घरोघरचा शौक, इथल्या लोकांची पोरं बापाबरोबर रेंजवर जातात, शाळा सहली नेतात. फेब्रुवारीत खेळांची सुट्टी असते, त्या दिवशी समुद्राकाठी तंबू लावून कोणालाही हवेच्या बंदुकीनं पाच छर्रे मारू देत होते. आमची मुक्ता तेव्हा दहा वर्षांची. दीड तास रांगेत उभी राहिली आणि तिचा नंबर आला तोच तिच्या पुढच्या मुलानं आईला हाक मारायला मान वळवली, मानेबरोबर खांदे वळवले आणि खांद्याबरोबर बंदूक. काका आमच्याबरोबर होते. त्यांनी मुक्ताला दंडाला धरून रांगेतून जे बाहेर ओढलं ते थेट गाडीपर्यंत. पोरगी रडून लाल झाली. "इट वॉज माय टर्न!" एवढंच परत परत म्हणत होती. काकांनी बरंच अंतर ऐकून घेतलं आणि मग मागे वळून म्हणाले, "मुक्ता, पुढच्या वर्षी मे महिन्यात मी रिटायर होऊन कायमचा गावी जाणार. त्याच्या आत तुझ्या हातून दहा छर्रे मारून घेईन. मागे मी स्वतः उभा असेन. शब्द." मुक्तानं डोळे पुसले आणि बोटं मोजून म्हणाली, "दॅट्स फिफ्टीन मंथ्स." काका म्हणाले, "तयारीला लागतात."

तयारी खरंच सात महिने चालली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भारतात जाऊन आलो तेव्हा काकांनी कारखान्यातल्या सुताराकडून एक लाकडी बंदूक करून घेतली होती. माल ज्या फळ्यांवरून येतो त्या फळ्यांचं लाकूड, पोटात वाळू भरून बरोबर खऱ्या बंदुकीएवढं वजन केलेलं, आणि मागे उघडझाप करायला न्हाणीघराच्या दाराची असते तशी पितळी कडी. ही कडी सरकवून आत बोट घालायचं, वाकून बघायचं आणि मोठ्यांदा "रिकामी" म्हणायचं, हा पहिला धडा. दुसरा धडा असा की "रिकामी" म्हटल्यानंतरही ती भरलेलीच समजायची. पहिल्याच दिवशी मुक्ता म्हणाली, "बट काका, इट्स वुड!" काका रागावले की वर्गातली मराठी सोडून गावच्या भाषेत जात. "लाकडाची आसा म्हणून भरलेली नाय, असा तुका कोणी सांगल्यान गो चेडवा?" समोरच्या बिऱ्हाडातली कोल्हापूरची जुळी, ओम आणि सोहम, दोघं एकमेकांकडे बघून गुपचूप एक पाऊल मागे सरकली.

हा वर्ग आमच्या हॉलमध्ये भरे, शुक्रवारी नाश्त्यानंतर. सोफ्याच्या मागे मुलं, समोर टीव्हीची भिंत, तिच्यावर चिकटवलेला टिकलीएवढा काळा ठिपका. आठ महिने मुलांनी त्या ठिपक्याकडे बघितलं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप ओढायचा नाही तर दाबायचा, नळीवर एक रियालची नोट घडी करून उभी ठेवायची आणि चाप दाबताना ती पडता कामा नये. बोटसुद्धा माणसावर रोखायचं नाही. सोहमनं एकदा "त्यानं माझा पेन घेतला" म्हणून ओमकडे बोट दाखवलं तर त्याला पंधरा मिनिटं हात खिशात घालून उभं केलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची शस्त्रपूजा आमच्याकडे झाली. लाकडी बंदुकीला झेंडूचा हार घालायच्या आधी काकांनी कडी उघडली, आत बोट घातलं, "रिकामी" म्हणाले आणि मग हळद वाहिली. आरतीच्या वेळी तिचं तोंड भिंतीकडे होतं.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे बिल्ले. काकांच्या कारखान्यात म्हणे एखादं यंत्र दुरुस्तीला उघडलं की आत जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या बटणापाशी स्वतःच्या नावाचा बिल्ला अडकवतो. एक जरी बिल्ला लटकत असला तरी यंत्र चालू करायचं नाही, आणि ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कोणी काढायचा नाही, साहेबानंसुद्धा नाही. काकांनी हा कायदा आमच्या हॉलला लागू केला. प्लायवूडचा बोर्ड, त्यावर पडद्याचे हूक, आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यांची प्लॅस्टिकची लाल झाकणं भोक पाडून, त्यावर एकेकाचं नाव. बंदुकीच्या पुढे, म्हणजे सोफा आणि टीव्हीच्या मधे, ज्याला जायचं असेल त्यानं आधी बिल्ला अडकवायचा. बिल्ला असेपर्यंत बंदूक जमिनीवर, कडी उघडी. मलाही बिल्ला होता. त्यावर "वहिनी" लिहिलेलं होतं. माझी धुणं वाळत घालायची गॅलरी टीव्हीच्या पलीकडे, त्यामुळे शुक्रवारी प्रत्येक बादलीला मी स्वतःला टांगून जात असे.

एका शुक्रवारी माझ्या नवऱ्यानं बिल्ला अडकवला, टीव्हीखालचा गाडीच्या चाव्यांचा जुडगा घेतला आणि तो तसाच खाली उतरून कोथिंबीर आणायला हायपरमार्केटला गेला. बिल्ला राहिला. अकरा मुलं जमिनीवरच्या बंदुकीकडे बघत बसली. अर्धा तास झाला. मी म्हटलं, "अहो काका, तो घरात नाही हे आपल्या सगळ्यांना दिसतंय, काढते मी." आणि हात पुढे केला. मी शेजाऱ्याच्या घरावर दरोडा घालू या म्हटलं असतं तरी काकांनी माझ्याकडे तसं पाहिलं नसतं. "वहिनी," ते म्हणाले, "दिसतंय म्हणूनच माणसं मरतात." नवरा फोन उचलेना. दीड तासानं कोथिंबीर, कलिंगड आणि सवलतीत मिळालेला एक पंखा घेऊन तो परतला, तेव्हा तेरा जणांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं पंखा दारातच ठेवला आणि आधी बिल्ला काढला.

अशा वर्गाचं जे व्हायचं तेच झालं. आयांचा धीर सुटला. "अहो, क्लबात पहिल्याच दिवशी पंचवीस छर्रे देतात," असं एकीनं म्हटलं, दुसरीनं मुलाला पोहण्याला घातलं, तिसऱ्या घरची बदली झाली. अकराचे सात झाले, सातांचे पाच, आणि एप्रिलपर्यंत मुक्ता आणि ती जुळी एवढीच उरली. जो मुलगा सोडून जाई त्याचा बिल्ला काका धुऊन, पुसून एका पिशवीत ठेवत. कधी कोणाला दोष दिला नाही. फक्त एकदा पिशवीची गाठ मारताना म्हणाले, "कंटाळली पोरं." मला वाईट वाटलं, आणि त्याच्या जोडीला थोडा रागही आला, कारण मुक्ता काही कंटाळली नव्हती. ती रोज रात्री झोपताना मला विचारायची, "आई, व्हॉट इफ ही लीव्ज बिफोर आय शूट?" काकांचं तिकीट मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारचं निघालं होतं. पंधरा महिन्यांतले बारा दिवस उरले होते आणि पोरीनं खऱ्या बंदुकीला हातही लावलेला नव्हता.

शेवटी काका मुलांना रेंजवर घेऊन गेले. तिथला कोच इजिप्तचा, गोल पोटाचा हसरा माणूस. काकांनी प्लायवूडचा बोर्ड बगलेत मारून आणलेला बघून तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पण काकांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही, तेव्हा त्यानं नेमाच्या रेषेजवळ, बाजूच्या दाराशी खिळा दाखवला. "यल्ला, हँग इट," म्हणजे चला, टांगा. पहिल्या शनिवारी मुलांनी नुसतं बघितलं. दुसऱ्या शनिवारी, म्हणजे काका जायच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी, त्यांना खऱ्या हवेच्या बंदुका मिळाल्या. तिघांनीही आधी उघडून आत बघितलं आणि एका सुरात "रिकामी" म्हणून ओरडली. आजूबाजूचे अरबी बाप चमकून बघायला लागले. मग कोचनं सगळं पुन्हा एकदा दाखवलं, उभं कसं राहायचं ते तपासलं, आणि म्हणाला, दहा मिनिटं ज्यूस प्या, आल्यावर मारायचं.

मुलं बाहेर ज्यूस प्यायला गेली. काका रेषेपाशीच थांबले. मुक्ताच्या समोरचा, दहा मीटरवरचा लक्ष्याचा कागद एका बाजूला कललेला त्यांना दिसला. तारेवरून कागद नेणारी पुली घसरली होती. कोणाच्या लक्षातही आलं नसतं एवढा तो कलला होता. पण पंधरा महिने थांबलेल्या पोरीचा पहिला छर्रा वाकड्या कागदावर बसणार, हे काकांना कसं सहन व्हावं? मुलं बाहेर आहेत, बंदुका खाली आहेत, दोन मिनिटांचं काम. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून ते बाजूच्या दारानं गेले आणि भिंतीमागच्या बोळातून मुक्ताच्या कागदाच्या बरोब्बर मागे जाऊन बसले. छर्रे अडवणारी लोखंडी पेटी बाजूला केल्याशिवाय पुलीला हात पोचेना, म्हणून तीही सरकवली. जाताना त्यांचा हात सवयीनं बोर्डाकडे गेला आणि बिल्ला अडकवून आला. पण कोचला सांगायचं राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलेला माणूस, स्वतः सांगायचा विसरला.

कोच आत आला. त्यानं समोर नजर टाकली, कोणी दिसलं नाही. मोठ्यांदा आवाज दिला, उत्तर आलं नाही. येणार कुठून, काकांचा उजवा कान त्या वेळी पुलीला लागलेला होता आणि डावा आमच्याकडे. "यल्ला! लोड!" कोच म्हणाला. जुळ्यांनी छर्रे भरले. मुक्तानं भरला, बंदूक उचलली, गाल टेकवला. मी काचेच्या मागे उभी राहून फोनवर तिचं शूटिंग घेत होते. मला तिच्या पाठीवरून कळलं की श्वास अर्धा सोडून ती थांबली आहे. आणि तिनं बंदूक खाली ठेवली. तोंड पुढे, बोट चापाच्या बाहेर, सगळं शिकवल्यासारखं. कोच म्हणाला, "व्हॉट हॅपन्ड? लाइन इज क्लिअर." माझी मुलगी, जी घरातसुद्धा मराठीला इंग्रजीत उत्तर देते, ती त्या भरल्या हॉलमध्ये मराठीत किंचाळली, "कोणी मारू नका! काकांचा बिल्ला आहे!"

कोचला एक अक्षर कळलं नसेल. पण आवाज कळला. त्यानं दोन्ही हात वर करून सगळी रेष थांबवली. जुळ्यांच्या बंदुका कधीच खाली गेल्या होत्या. दहा-बारा बंदुका, पन्नासेक माणसं, आणि आवाज फक्त एसीचा. मग मुक्ताच्या कागदामागून टक टक असा स्क्रू ड्रायव्हरचा आवाज आला. कागद हळूहळू सरळ झाला.

काका बाजूच्या दारानं बाहेर आले ते हात पुसत, खुशीत. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. "काय झाला? थांबलात कित्याक?" मुक्तानं बोट दाखवलं नाही, बोट दाखवायचं नसतं. तिनं नुसतं बोर्डाकडे बघितलं. काकांनीही बघितलं. आणि साठ वर्षांचा, कारखान्यात भल्याभल्या इंजिनियरांना धारेवर धरणारा तो माणूस जागच्या जागी लहान झाला. त्यांनी बिल्ला काढला. कोचपाशी जाऊन खाली मान घालून "सॉरी" म्हणाले. तो बिचारा त्यांनाच मिठी मारायला लागला, "खलास, खलास, नो प्रॉब्लेम." मग काका मुक्ताकडे वळले आणि म्हणाले, "नियम मोडणाऱ्याला एक महिना बंदुकीजवळ उभं राहता येत नाही. माझं परमिट रद्द. तू मार. मी बाहेर बसतो."

"बट यू प्रॉमिस्ड! यू सेड यू विल स्टँड बिहाइंड मी!"

"तेव्हा मी चांगला माणूस होतो," काका म्हणाले आणि गेले.

मी त्यांच्या मागे गेले. बाहेर मे महिन्याचं ऊन, बाकाला हात लावला तर चटका बसत होता. काका त्या बाकावर उजवा कान भिंतीला लावून बसले. आत कोचनं आधी एकट्या मुक्ताला मारायला लावलं होतं. पहिला छर्रा सुटला, ठप् एवढाच आवाज. "एक," काका म्हणाले. मग दोन. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग तीन. पाचव्याला त्यांचे डोळे भरून आले आणि सहाव्याला ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, आज मी माझ्या भावासारखोच वागलंय. तेणा माका मारूक बंदूक उचललेली नाय. तेका पण वाटला, दोन मिनिटांचा काम. पन्नास वर्सां मी तेका बोल लावलंय." मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "सात," ते म्हणाले.

दहा झाल्यावर मुक्ता कागद घेऊन पळत आली. दहातले चार कागदाला लागले होते आणि त्यातला एकच काळ्यात होता. काकांनी तो उन्हात धरून किती तरी वेळ पाहिला. तिनं विचारलं, "इज इट बॅड?" ते म्हणाले, "नेम वाईट आहे. नेम काय, येतो. ज्याला चाप न दाबणं जमतं तो खरा." मग त्यांनी तो कागद घडी न घालता परत केला. जुळ्यांनी आपापले कागद दाखवले, त्यांचे जास्त चांगले होते, त्यांचंही कौतुक झालं. येताना गाडीत मुक्ता काकांच्या उजव्या बाजूला बसली होती.

गुरुवारी विमानाच्या आधी काका निरोप घ्यायला आले. बोर्ड परत हॉलमध्ये लावला, लाकडी बंदूक मुक्ताच्या स्वाधीन केली, पिशवीतले आठ बिल्ले मोजून माझ्याकडे दिले. चहा होईपर्यंत स्वस्थ बसवेना म्हणून टीव्हीमागचा एक सैल प्लग बघायला गेले. तेवढ्यात खाली टॅक्सी आली, हॉर्न वाजला, एकच घाई झाली, मी डब्यात चिवडा भरतेय, नवरा बॅगा उतरवतोय. काका गेले. संध्याकाळी दिवा लावताना मला दिसलं, बोर्डावर एक लाल झाकण लटकत होतं. "काका."

मी काढायला हात पुढे केला आणि मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प हात मागे घेतला. लाकडी बंदूक त्या दिवसापासून जमिनीवर आहे, कडी उघडी. मुक्ता आता त्या क्लबात नियमित जाते, नेमही बरा झालाय. पण घरातल्या बंदुकीला ती शिवत नाही आणि कोणाला शिवू देत नाही. मी फोनवर काकांना सांगितलं, "अहो, तुमचा बिल्ला राहिलाय, पोरीला एकदा काढ म्हणून सांगा." पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मागे कोणी तरी म्हाताऱ्या आवाजात विचारत होतं, "कोणाचो फोन रे?" काका त्यांना म्हणाले, "कतारचो. ये दादा, बस हय, सांगतंय." मग मला म्हणाले, "वहिनी, चेडवाचा बरोबर आसा. ज्याचो बिल्लो तेणाच काढूचो. मी येयसर थांबा." मी विचारलं, "कधी येताय?" ते म्हणाले, "इन्शाल्ला." अठ्ठावीस वर्षं इथे काढलेला माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते आम्हाला कळतं. गुडघे दुखतात म्हणे आता, आणि अंगणाबाहेरही फारसे जात नाहीत.

गेल्या महिन्यात नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही मुऐदर सोडून अल खोरला आलो. सामानाच्या ट्रकमध्ये फ्रिज गेला, कपाटं गेली, तो सवलतीतला पंखाही गेला. बोर्ड मात्र मुक्तानं ट्रकमध्ये ठेवू दिला नाही. हूक उघडे असतात, आडवा केला तर बिल्ला निसटेल. तासभराच्या रस्त्यात तिनं तो मांडीवर उभा धरला, दोन्ही हातांनी, आणि स्पीड ब्रेकर आला की बापाला म्हणायची, "बाबा, हळू." काकांना कळवलं तर आधी ओरडले, "बिल्लो लटकत असताना बोर्ड हलवलात कसो? परमिट कोणी दिल्यान?" मी म्हटलं, मुक्तानं.

नव्या घरात पहिला खिळा त्या बोर्डासाठी ठोकला. परवा शेजारचा एक लहान मुलगा आईबरोबर आला होता. त्यानं जमिनीवरची लाकडी बंदूक बघितली आणि हात घातला. मुक्तानं त्याचा हात हळूच बाजूला केला, त्याला बोर्डापाशी नेलं, ते लाल झाकण दाखवलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "अजून हात लावायचा नाही. काका आत आहेत."